ॲक्सेलरोमीटरला वेग कळत नाही, बदल कळतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दूध संकलन करणाऱ्या छोट्या टेम्पोंसाठी तुम्ही अँड्रॉइडवर चालणारे ॲप लिहीत आहात. टेम्पो निघाला की ठिकाणाची नोंद सुरू व्हावी आणि थांबला की बंद व्हावी, म्हणजे चालकाच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत संपणार नाही, असा हेतू आहे. त्यासाठी तुम्ही ॲक्सेलरोमीटरच्या, म्हणजे फोनमधल्या त्वरण मोजणाऱ्या सेन्सरच्या, तीन अक्षांवरील आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घेता, त्यातून ९.८ वजा करता आणि बाकी ०.५ पेक्षा जास्त आली की फोन हलतो आहे असे मानता. तक्रारी तीन आहेत. एक फोन टेबलावर पडून असतानाही सतत ‘हलतो आहे’ असे दाखवतो. महामार्गावर टेम्पो धावत असताना मधूनच ‘स्थिर’ असे येते. आणि डेअरीच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या टेम्पोतला फोन मात्र हलत असल्याचे सांगतो. म्हणून ०.५ हा उंबरठा किती करावा, असे तुम्ही विचारले आहे.

उंबरठा वरखाली करून यांतली एक तक्रार कमी केलीत तर दुसरी वाढेल, कारण तिन्हींची मुळे वेगवेगळी आहेत. शिवाय ‘फोन हलतो आहे का’ या एका वाक्यात तीन निराळे प्रश्न दडलेले आहेत. फोन थरथरतो आहे का, हा पहिला. फोनची ठेवण बदलली का, म्हणजे कोणी तो उचलला, फिरवला किंवा तिरका केला का, हा दुसरा. आणि फोन एका जागेहून दुसऱ्या जागी जातो आहे का, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ॲक्सेलरोमीटर उत्तम देतो. तिसऱ्याचे उत्तर तो थेट कधीच देत नाही, फक्त खूण दाखवतो. तुम्हाला हवे आहे ते तिसऱ्याचे उत्तर, आणि तुम्ही ते पहिल्याच्या मापाने शोधत आहात.

या सेन्सरच्या आत काय असते ते आधी पाहू. सिलिकॉनच्या चिपवर एक सूक्ष्म वस्तुमान तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते. त्याला कंगव्याच्या दातांसारखे दात असतात आणि ते चिपच्या स्थिर दातांमध्ये अडकलेले असतात. वस्तुमान सरकले की दातांमधले अंतर बदलते, त्याबरोबर विद्युत धारिता बदलते, आणि आपल्याला मिळणारा आकडा या धारितेवरून काढलेला असतो. फोन टेबलावर असताना टेबल त्याला खालून वर रेटत असते. त्या रेट्यामुळे स्प्रिंग ताणलेली राहते आणि आकडा येतो सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. (पुढे सगळीकडे हेच एकक धरावे.) तोच फोन हातातून निसटला तर जमिनीवर पोहोचेपर्यंत, म्हणजे एक मीटर उंचीवरून पडताना सुमारे ०.४५ सेकंद, आकडा शून्याजवळ जातो. निवांत पडलेला फोन ९.८ दाखवतो आणि खाली कोसळणारा शून्य दाखवतो, ही गोष्ट मनात पक्की बसली की पुढचा गोंधळ बराच टळतो. फोनला त्याच्या आधाराकडून किती रेटा मिळतो आहे, एवढेच हा सेन्सर मोजतो.

एकसमान वेगाने सरळ जाणाऱ्या वस्तूला गुरुत्व पेलण्यापलीकडे कोणताही जादा रेटा लागत नाही. संथ पाण्यातून एका चालीने जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसून जहाज चालले आहे की उभे आहे हे सांगता येणार नाही, असे गॅलिलिओने १६३२ मध्ये मांडले होते. तुमचा फोन त्या बंद खोलीतला प्रवासी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा टेम्पो आणि उभा टेम्पो यांत ॲक्सेलरोमीटरला जो फरक दिसतो तो वेगाचा नसतो. रस्त्याचे खडबडीतपण, गिअर बदलणे, ब्रेक आणि वळणे यांच्यामुळे तो दिसतो. आपल्या रस्त्यांवर या खुणा भरपूर मिळतात. तरीही त्या खुणा आहेत आणि वेग नव्हे, हे विसरून चालणार नाही.

‘मग त्वरणाची बेरीज करत जाऊन वेग काढू’ असे इथे अनेकांच्या मनात येते. तसे करू नये. फोनच्या सेन्सरमध्ये ०.०५ एवढीच चूक शिल्लक आहे असे धरले, तरी एका मिनिटात ती सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ११ किलोमीटर, इतका खोटा वेग तयार करते आणि अंतरात ९० मीटरची चूक होते. प्रत्यक्षात चूक याहून मोठी असते, कारण गुरुत्व वजा करताना फोनच्या कलाचा अंदाज एका अंशाने जरी चुकला तरी आडव्या दिशेत ०.१७ इतके खोटे त्वरण शिरते. टेबलावरच्या फोनला याच मार्गाने गावभर फिरवून आणलेली ॲप मी पाहिली आहेत.

आता तुमची पहिली तक्रार. प्रत्येक सेन्सरमध्ये कारखान्यातून निघतानाच काही स्थिर सरक असते, म्हणजे त्याचा आकडा खऱ्यापेक्षा कायम थोडा वर किंवा खाली असतो. एमपीयू-६०५० ही चिप जुनी आहे, पण अभ्यासासाठी चांगली आहे. तिच्या माहितीपत्रकात आडव्या दोन अक्षांवर गुरुत्वाच्या ५० सहस्रांश आणि उभ्या अक्षावर ८० सहस्रांश इतकी सरक दिली आहे. म्हणजे उभ्या अक्षावर जवळजवळ ०.८. तुमचा तो एक फोन टेबलावर १०.४ दाखवत असणार, त्यातून ९.८ गेले की ०.६ उरतात आणि ते तुमच्या ०.५ च्या वरच राहतात. तो फोन बिघडलेला नाही. सरक तापमानाबरोबरही बदलते, आणि उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ती सकाळच्या मानाने निराळी असू शकते. मुंबईच्या अक्षांशावर गुरुत्व सुमारे ९.७९ आहे आणि प्रमाण मूल्य ९.८०६६५ आहे, हा फरक त्यापुढे नगण्य म्हणावा लागेल. तेव्हा ९.८ हा आकडा तुमच्या आज्ञावलीतून पूर्णपणे काढून टाका. फोनची तुलना पाठ्यपुस्तकातल्या गुरुत्वाशी न करता त्याच फोनच्या काही क्षणांपूर्वीच्या आकड्यांशी करा. सरक दोन्ही बाजूंना सारखीच असल्याने ती आपोआप कटते.

दुसऱ्या तक्रारीला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की तुम्ही एकेका नमुन्यावर, म्हणजे सेन्सरने एका क्षणी दिलेल्या आकड्यांवर, निर्णय घेत आहात. कंपन वरखाली होत असते आणि दर आवर्तनात ते मधल्या मूल्यातून दोनदा जाते. त्या नेमक्या क्षणी नमुना घेतला गेला तर धावणारा टेम्पोही स्थिर दिसणार. दुसरे कारण जास्त खोल आहे, आणि ते माझ्या ध्यानात येईपर्यंत माझी दोन-तीन ॲप लिहून झाली होती. तीन अक्षांचे एकत्रित परिमाण घेतले की फोन कसा धरला आहे याची चिंता उरत नाही, म्हणून ते सगळ्यांना सोयीचे वाटते. परंतु गुरुत्व उभे असते आणि टेम्पोचे वेग घेणे, ब्रेक लावणे, वळणे हे सर्व आडवे असते. काटकोनातल्या दोन सदिशांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते. ९.८१ च्या जोडीला आडवे ०.५ आले तर परिमाण होते ९.८२३, म्हणजे ०.५ च्या त्वरणाचा ठसा जेमतेम ०.०१३ इतकाच उमटतो. जोरात ब्रेक लावून २ इतके मंदन झाले तरी परिमाण फक्त ०.२ ने वाढते. तेच ०.५ उभ्या दिशेत आले तर पूर्ण ०.५ दिसते. याचा अर्थ, ज्या दिशेत वाहनाची चाल दिसते नेमक्या त्याच दिशेला तुमचे माप जवळजवळ आंधळे आहे.

उपाय सोपा आहे. दोन सेकंदांची खिडकी घ्या, म्हणजे सलग दोन सेकंदांतले नमुने एकत्र पाहा. त्या खिडकीत प्रत्येक अक्षाची सरासरी काढा, त्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी काढा, तिन्ही अक्षांच्या या तीन सरासरींची बेरीज करा आणि शेवटी वर्गमूळ घ्या. हे झाले तिन्ही अक्षांचे मिळून प्रमाण विचलन. फोन खिशात, होल्डरमध्ये किंवा सीटवर कसाही ठेवला तरी ही बेरीज तीच येते, आणि आडवी हालचाल तिच्यातून निसटत नाही. सरासरी वजा झाल्यामुळे गुरुत्व आणि सरक दोन्ही निघून जातात. त्यासाठी वेगळी गाळणी (नको तो भाग वेगळा काढणारा हिशेब, फिल्टर) लावावी लागत नाही.

गाळणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण सर्वत्र फिरणाऱ्या नमुना-आज्ञावलीत तिचा गुणांक ०.८ असा छापलेला असतो आणि लोक तो जसाच्या तसा उचलतात. गुरुत्वाच्या जुन्या अंदाजाचे ०.८ आणि नव्या नमुन्याचे ०.२ अशी ती मिसळ आहे. नमुने दर २० मिलिसेकंदांनी येत असतील तर या गाळणीची स्मृती सुमारे ०.०९ सेकंदांची होते, आणि दर २०० मिलिसेकंदांनी येत असतील तर ०.९ सेकंदांची. एकाच गुणांकाने दोन अगदी निराळ्या गाळण्या तयार होतात. पहिल्या गाळणीत चालण्याची लय गुरुत्वातच विरघळते आणि वजा होऊन जाते. गाळणी वापरायचीच असेल तर गुणांक दोन नमुन्यांमधल्या खऱ्या अंतरावरून काढा. ते अंतर घड्याळावरून न घेता प्रत्येक नमुन्यासोबत येणाऱ्या नॅनोसेकंदांच्या वेळेवरून घ्या. अँड्रॉइडला तुम्ही सांगितलेला दर ही सूचना असते, हमी नसते.

गणिताची आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. वर्गांची धावती बेरीज ठेवून तिच्यातून सरासरीचा वर्ग वजा करण्याची पद्धत वेगवान असली तरी इथे तिच्याने धोका होतो. ९६ च्या आसपासच्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून तुम्ही ०.०००४ एवढे उत्तर शोधत असता, आणि ३२ बिटांच्या दशांश संख्येत त्याचा बराच भाग हरवतो. खिडकीतले नमुने साठवून दर वेळी नव्याने हिशेब करा, किंवा वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये दिलेली धावती पद्धत वापरा. दोनशे-चारशे नमुन्यांचा हिशेब आजच्या फोनला जड नाही.

उंबरठा किती ठेवावा हे खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहे. तरी अंदाज बांधता येतो. वर सांगितलेल्या चिपचा गोंगाट, म्हणजे फोन स्थिर असतानाही आकड्यांत होणारी चढउतार, दर वर्गमूळ हर्ट्‌झला गुरुत्वाच्या ४०० दशलक्षांशांइतका आहे. २५ हर्ट्‌झची (सेकंदाला २५ आवर्तनांपर्यंतची) पट्टी धरली तर प्रत्येक अक्षावर सुमारे ०.०२, आणि तिन्ही मिळून ०.०३ ते ०.०४ होतात. नव्या चिपा याहून शांत असतात. माझ्या अनुभवात टेबलावरचा फोन ०.०५ च्या खाली राहतो, बसलेल्या माणसाच्या हातातला फोन त्याच्या काही पट जातो, धावत्या टेम्पोतला ०.३ च्या वर असतो आणि चालणाऱ्या माणसाच्या खिशातला १ ओलांडतो. पण मी हे आकडे आज्ञावलीत कोरत नाही. ॲप प्रत्येक फोनचा स्वतःचा तळ शोधते: गेल्या चोवीस तासांत आढळलेल्या सर्वांत शांत खिडक्यांचे प्रमाण विचलन घ्यायचे, त्याच्या चौपट उंबरठा ठेवायचा, मात्र तो ०.०८ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. ही खालची मर्यादा आवश्यक आहे. काही स्वस्त वा जुन्या फोनांत सेन्सरची पायरीच, म्हणजे त्याला दाखवता येणारा लहानात लहान फरक, मोठी असते. गुरुत्वाच्या उणे दुपटीपासून अधिक दुपटीपर्यंतचा पल्ला १० बिटांत मांडला तर एक पायरी जवळजवळ ०.०४ ची होते. असा फोन टेबलावर नेमका एकच आकडा दाखवत राहतो, तळ शून्य येतो, आणि शून्याची चौपट शून्यच होते.

एक गोष्ट प्रमाण विचलनातून निसटते. अतिशय सावकाश उचललेला किंवा तिरका केलेला फोन दोन सेकंदांच्या खिडकीत पुरेसा फरक दाखवत नाही. त्यासाठी फोन स्थिर ठरल्याच्या क्षणी तिन्ही अक्षांची सरासरी, म्हणजे त्या वेळची गुरुत्वाची दिशा, जपून ठेवा आणि दर नव्या खिडकीच्या सरासरीशी तिचा कोन ताडून पाहा. कोन पाच अंशांपलीकडे गेला की ठेवण बदलली असे समजा. स्थिर फोनला गाढ झोपवणारी अँड्रॉइडची डोझ व्यवस्था २०१५ साली सहाव्या आवृत्तीबरोबर आली. तिच्यातही थरथर आणि दिशेचा कोन या दोन्हींची तपासणी आहे. तुमच्या टेम्पोंना हा भाग फारसा लागणार नाही, पण चोरीची सूचना देणारे ॲप कोणी लिहीत असेल तर त्याच्यासाठी तोच मुख्य आहे.

आता तिसरी तक्रार, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचे आहे. तुमचे टेम्पो बहुधा ज्याला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या प्रकारचे असतील. दोन सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन उभ्या जागी मिनिटाला समजा ९०० फेरे घेत आहे. दर फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला १५. हे १५ हर्ट्‌झचे कंपन सांगाड्यातून होल्डरपर्यंत पोहोचते आणि तुमच्या ०.५ ला सहज ओलांडते. फोन खरोखरच हलत असतो आणि सेन्सर खरे तेच सांगत असतो. टेम्पो मात्र जागचा हललेला नसतो.

यातून वाट काढायची ती कंपनाच्या लयीवरून. धावणारे वाहन आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दोन वेळा डुलते, आणि गिअर, ब्रेक, वळणे यांची लय तर त्याहूनही संथ असते. उभ्या इंजिनाची शक्ती १० हर्ट्‌झच्या वर एकवटलेली असते. म्हणून नमुन्यांमधून ४ हर्ट्‌झच्या खालचा भाग वेगळा काढून फक्त त्याचे प्रमाण विचलन पाहिले, तर उभा टेम्पो बराच शांत दिसतो आणि धावता दिसत नाही. ‘बराच’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. चालक दार आपटतो, कोणी मागे कॅन चढवतो, तेव्हा ही लयसुद्धा बिघडते.

लय वेगळी करायची तर नमुने पुरेशा वेगाने घ्यावे लागतात. याची किंमत मी एकदा चांगलीच मोजली आहे. काही वर्षांपूर्वी गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आम्ही असेच ॲप केले होते. एका कर्मचाऱ्याच्या फोनवर रोज रात्री विचित्र नोंदी येत. पंधरा-वीस मिनिटे तो चालतो आहे, मग तितकाच वेळ स्थिर, मग पुन्हा चालतो आहे, असे पहाटेपर्यंत. लय अगदी माणसाच्या चालण्यासारखी होती, सेकंदाला एक ते दोन. वरिष्ठांनी त्याला दोनदा जाब विचारला आणि तो बिचारा आपण झोपलो होतो एवढेच सांगत राहिला. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. फोन रात्रभर फ्रिजवर चार्जिंगला लावलेला असे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या किंचित खाली फिरते, म्हणजे सेकंदाला ४८-४९ फेरे. आम्ही सेकंदाला ५० नमुने घेत होतो. ४९ हर्ट्‌झचे कंपन सेकंदाला ५० वेळाच पाहिले तर ते १ हर्ट्‌झचे भासते, जसे चित्रपटात गाडीचे चाक हळूहळू उलटे फिरताना दिसते. आमच्या गाळणीने ते भासमान १ हर्ट्‌झ प्रामाणिकपणे ‘संथ हालचाल’ म्हणून पुढे पाठवले. चूक पूर्णपणे आमची होती आणि तिचा त्रास एका सरळ माणसाला झाला. ते लिहितानाही मला वाईट वाटते.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: ज्या कंपनाची भीती आहे त्याच्या दुपटीहून बऱ्याच अधिक दराने नमुने घ्यायचे, त्यांची सरासरी काढून मग दर कमी करायचा. सेकंदाला १०० नमुने हा किमान दर धरा, २०० घेता आले तर उत्तम. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून विशेष परवानगीशिवाय २०० च्या वर जाता येत नाही, पण या कामाला तेवढे पुरते. चिपच्या आतली गाळणी हे काम करील या भरवशावर राहू नये. काही फोनांत ती नीट लावलेली असते आणि काहींत मधले नमुने सरळ टाकून दिले जातात.

एवढे करूनही ‘उभा टेम्पो की धावता टेम्पो’ याचा अंतिम निर्णय मी ॲक्सेलरोमीटरवर सोपवणार नाही. त्याला पहारेकरी नेमावे आणि निर्णय उपग्रहांवरून मिळणाऱ्या वेगावर घ्यावा. उपग्रह-ग्राहक बॅटरी खातो म्हणून तर तुम्ही या वाटेला लागलात, पण तो सतत चालू ठेवावा लागत नाही. माझी रचना तीन अवस्थांची असते. ‘स्थिर’ अवस्थेत फक्त पहारेकरी जागा असतो. सलग दोन-तीन खिडक्यांत उंबरठा ओलांडला गेला की ‘संशयित’ अवस्था येते, ग्राहक एकदा उठतो आणि वेग पाहतो. ताशी ५-६ किलोमीटरच्या वर वेग आढळला तर ‘प्रवासात’, नाही तर पुन्हा झोप, आणि पुढची तपासणी एक मिनिटाने. थरथर चालूच राहिली आणि वेग मात्र येत नसला तर हे अंतर दोन, मग चार मिनिटे असे वाढवत न्या. फाटकाशी इंजिन चालू ठेवून अर्धा तास उभा असलेला टेम्पो मग बॅटरीला फारसा जड जात नाही. पत्र्याच्या शेडखाली उपग्रह दिसत नाहीत तेव्हा वेग मिळणारच नाही, आणि ‘वेग मिळाला नाही’ याला ‘वेग शून्य आहे’ असे समजू नका.

‘प्रवासात’ अवस्थेतून बाहेर पडण्याचा उंबरठा आत शिरण्याच्या उंबरठ्यापेक्षा खाली ठेवा, सुमारे निम्मा, आणि वेळ बराच जास्त ठेवा. चालू झालेला प्रवास सिग्नलवरच्या दीड-दोन मिनिटांच्या थांब्याने तुटू नये. तुमच्या कामात टेम्पो दर गावात कॅन घेण्यासाठी थांबणार. तो थांबा वेगळा नोंदवायचा की प्रवासातच धरायचा, हे डेअरीला विचारून ठरवा. तंत्राच्या बाजूने पाच मिनिटे हा आकडा सुरुवातीला ठीक वाटतो.

याआधी मात्र तयार साधने पाहा, कारण वरचे बरेचसे काम फोन स्वतः कमी विजेत करू शकतो. अँड्रॉइडच्या ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, ‘सिग्निफिकंट मोशन’ नावाचा सेन्सर आहे. चालणे, सायकल, गाडी अशा जागा बदलणाऱ्या हालचालीवर तो मुख्य प्रोसेसरला झोपेतून उठवतो. तो एकदाच वाजतो, दर वेळी त्याची पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि हे विसरल्यामुळे ‘पहिल्या फेरीनंतर ॲप बंद पडते’ अशी तक्रार फार वेळा येते. सातव्या आवृत्तीपासून ‘स्टेशनरी डिटेक्ट’ आणि ‘मोशन डिटेक्ट’ हे आणखी दोन आहेत. निदान पाच सेकंदांची स्थिरता वा हालचाल ते कळवतात, पण सगळ्या फोनांत ते नसतात, म्हणून आधी आहेत का ते तपासा. गूगल प्ले सेवांमधील कृती-ओळख ‘स्थिर’, ‘चालत’, ‘सायकलवर’, ‘वाहनात’ अशी उत्तरे देते. दहाव्या आवृत्तीपासून तिला वापरकर्त्याची परवानगी लागते. ती कधी कधी निर्णयाला मिनिटभर लावते, आणि दूध संकलनाला तो उशीर चालण्यासारखा आहे.

सतत नमुने घ्यायचे ठरवलेत तर नवव्या आवृत्तीपासूनचे बंधन लक्षात ठेवा. पार्श्वभूमीत गेलेल्या ॲपला ॲक्सेलरोमीटरचे नमुने मिळणे बंद होते. सूचनापट्टीत दिसत राहणारी अग्रभागी सेवा चालवावी लागते. सेन्सरची चिप स्वतः फारच थोडी वीज घेते. खर्च होतो तो दर नमुन्याला मुख्य प्रोसेसर जागा ठेवण्यात. म्हणून नमुने चिपच्या साठ्यात जमा होऊ द्या आणि काही सेकंदांनी एकदम उचला. ४.४ आवृत्तीपासून ही सोय आहे, साठा किती मोठा ते फोनागणिक बदलते.

पुढे आयफोनसाठीही लिहिणार असाल तर दोन गोष्टी उलट्या मिळतील. तिथे आकडा गुरुत्वाच्या पटीत येतो आणि चिन्ह विरुद्ध असते. पडदा वर करून टेबलावर ठेवलेला अँड्रॉइड फोन तिसऱ्या अक्षावर अधिक ९.८ दाखवतो, आयफोन उणे १. वर सांगितलेल्या प्रमाण विचलनाला चिन्हाने फरक पडत नाही, पण उंबरठे ९.८ ने भागून घ्यावे लागतील.

फोनची स्वतःची थरथर विसरू नका. फोन कंपनावर असताना कॉल आला की सेन्सरला भूकंप झाल्यासारखे वाटते. कॉल वाजत असताना आणि पडद्याला स्पर्श झाल्यानंतरच्या एका खिडकीत घेतलेला निर्णय सोडून द्या.

आता पहिले काम आज्ञावली बदलण्याचे नाही, नोंदी जमवण्याचे आहे. एका दिवसासाठी कोणताही निर्णय न घेता फक्त कच्चे नमुने, त्यांची नॅनोसेकंदांतली वेळ आणि उपग्रहांवरून मिळालेला वेग हे सगळे एका फाइलमध्ये लिहिणारे छोटे ॲप करा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घ्या आणि त्यांतला एक तो टेबलावर हलणारा असू द्या. दहा मिनिटे टेबल, दहा मिनिटे चालू फ्रिजच्या माथ्यावर, दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून उभा टेम्पो, मग गावचा कच्चा रस्ता आणि शेवटी महामार्ग. टेम्पोत चालकाच्या शेजारी बसून प्रत्येक थांब्याची आणि निघण्याची वेळ वहीत पेनाने लिहा, कारण नंतर आलेखाकडे बघून आठवणीने ठरवायला गेलात तर आपल्याला हवे तेच दिसते. त्या नोंदी आणि वहीचे पान मला दाखवलेत तर तुमच्या टेम्पोंसाठी ४ हर्ट्‌झची सीमा योग्य आहे की ती थोडी खाली आणावी लागेल, हे मी नीट पाहून सांगू शकेन.